भरतीजन्य मिश्रण व प्राणिप्लवक

उथळ किनारी समुद्रात भरती-ओहोटीच्या प्रवाहांमुळे पाण्याची तळापासून पृष्ठभागापर्यंत जी घुसळण होते, तिला भरतीजन्य मिश्रण म्हणतात. पाण्यात तरंगत राहणाऱ्या आणि प्रवाहाविरुद्ध लांबवर पोहून जाण्याचे सामर्थ्य नसलेल्या प्राण्यांना प्राणिप्लवक ही संज्ञा आहे. कोपेपॉड हे सूक्ष्म कवचधारी प्राणी, बाणकृमी व जेलीफिश, तसेच मासे, खेकडे, कोळंबी, कालवे इत्यादींचे डिंभ यांचा प्राणिप्लवकांत समावेश होतो. वनस्पतिप्लवकांनी प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेले अन्न माशांपर्यंत पोहोचते ते मुख्यत्वे यांच्यामार्फत. म्हणून कोणत्या पाण्यात कोणते प्राणिप्लवक किती प्रमाणात आढळतात, हा प्रश्न प्राणिविज्ञानाइतकाच मत्स्यव्यवसायाच्याही जिव्हाळ्याचा आहे.

किनारी समुद्रात एकमेकांपासून अवघ्या काही किमी. अंतरावर प्राणिप्लवकांचे अगदी भिन्न समुदाय आढळतात. त्यांच्यामध्ये जमीन नसते, पाण्याची लवणताही पुष्कळदा जवळजवळ सारखीच असते. मग ही सीमा कोण आखते, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सु. शंभर वर्षे लागली. सूर्याची उष्णता पाण्याचे थर पाडू पाहते, भरतीचे प्रवाह ते मोडू पाहतात आणि या दोहोंपैकी ज्याची सरशी होते त्यानुसार पाण्यातील जीवसमुदाय ठरतो, असे हे उत्तर थोडक्यात सांगता येईल. त्याचे काही धागे जीववैज्ञानिकांच्या हाती होते, तर काही भौतिकीविज्ञांच्या. ते एकत्र आले ते १९७० नंतर. या संशोधनाची मुख्य क्षेत्रे दोन : अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांच्या पूर्व किनाऱ्यावरील मेनचे आखात व त्यालगतचा फंडीचा उपसागर, आणि ब्रिटिश बेटांभोवतीचे समुद्र. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने त्यांचाच विचार केला आहे. [⟶ प्लवक, भरती-ओहोटी].

मिश्रण व स्तरण : समशीतोष्ण कटिबंधात वसंत ऋतूपासून पृष्ठभागाचे पाणी तापू लागते. तापलेले पाणी हलके असल्याने ते वर राहते व खालचे पाणी थंडच राहते. दोहोंमध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पातळ संक्रमण थर निर्माण होतो. या रचनेस स्तरण म्हणतात. वरच्या थरात प्रकाश भरपूर असतो. परंतु तेथील नायट्रेटे, फॉस्फेटे इ. पोषकद्रव्ये वनस्पतिप्लवक लवकरच संपवून टाकतात आणि खालच्या थरातून नवा पुरवठा होत नाही. याउलट जेथे भरतीचे प्रवाह जोरदार व पाणी उथळ असते, तेथे तळाशी होणाऱ्या घर्षणातून उत्पन्न झालेला संक्षोभ थर बनूच देत नाही. तेथे पोषकद्रव्यांची वाण नसते. पण वनस्पतिप्लवक वारंवार खोल, अंधाऱ्या पाण्यात ओढले जातात व गढूळपणामुळे प्रकाशही कमी पडतो. स्तरित व मिश्रित पाण्याच्या दरम्यानच्या अरुंद पट्ट्यात प्रकाश व पोषकद्रव्ये यांचा मेळ बसतो. वातावरणविज्ञानातील वाताग्राप्रमाणे या पट्ट्यास जलाग्र म्हणता येईल.

प्रारंभीचे संशोधन : आयर्लंडमधील कॉर्क येथे लष्करी शल्यवैद्य असलेल्या जॉन व्हॉन टॉम्सन यांनी बारीक जाळीने समुद्राचे पाणी गाळून त्यात सापडणारे झोइआ हे जीव म्हणजे खेकड्यांचे डिंभ होत, असे १८२८ मध्ये दाखविले. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८४५ पासून हेल्गोलंड बेटाच्या परिसरात अशाच जाळ्यांनी पद्धतशीर संग्रह केला. कील येथील व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये ‘प्लँक्टन’ ही संज्ञा रूढ केली आणि प्लवकांच्या संख्यामापनाचा पाया घातला. मोकळ्या समुद्रात प्लवक बऱ्याच अंशी सारखे पसरलेले असतात, असे त्यांनी गृहीत धरले होते. एर्न्स्ट हेकेल यांनी १८९० मध्ये त्यावर कडक टीका करून प्लवकांचे वितरण अत्यंत विषम असते असे प्रतिपादन केले. पुढील संशोधनाने हेकेल यांचे विधान खरे ठरविले. परंतु त्या विषमतेची कारणे शोधण्यासाठी हेन्सेन यांची मोजणीची पद्धतच उपयोगी पडली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निरनिराळे जलपुंज ओळखण्यासाठी प्लवकांचा उपयोग होऊ लागला. इंग्लंडमधील प्लिमथ येथे एफ्. एस्. रसेल यांनी १९३० नंतरच्या दशकात बाणकृमींच्या दोन जाती दर्शक म्हणून वापरल्या. सॅजिटा सेटोसा ही जाती इंग्लिश खाडीच्या पाण्यात, तर सॅजिटा एलेगन्स ही जाती किनारी व महासागरी पाण्याच्या मिश्रणात आढळे. प्लिमथजवळ पहिलीने दुसरीची जागा घेतली त्या सुमारास तेथील पाण्यातील फॉस्फेट व माशांचे डिंभही घटल्याचे दिसून आले. एखाद्या पाण्यातील प्राण्यांवरून त्या पाण्याचा इतिहास वाचता येतो, हा विचार यातून दृढ झाला. मात्र ते पाणी तसे का बनले, याचे भौतिक स्पष्टीकरण अद्याप मिळायचे होते.

मेनचे आखात : हार्व्हर्ड विद्यापीठातील हेन्री ब्रायंट बिगेलो यांनी १९१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मत्स्य विभागाच्या ग्रॅम्पस या शिडाच्या जहाजातून मेनच्या आखाताची पाहणी सुरू केली. तापमान, लवणता, प्रवाह, प्लवक व मासे या सर्वांची एकत्रित पाहणी करण्याचे त्यांचे धोरण त्या काळी नवे होते. प्लवकांवरील त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये व भौतिक सागरविज्ञानावरील ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९३० मध्ये वुड्स होल सागरवैज्ञानिक संस्थेचे ते पहिले संचालक झाले.

मेनच्या आखातात २०० मी. पेक्षा अधिक खोलीची अनेक द्रोणे आहेत आणि त्याच्या तोंडाशी जॉर्जेस बँक हा विस्तीर्ण उथळ मंच आहे. आखाताच्या खोल भागात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. जॉर्जेस बँकेच्या उथळ माथ्यावर मात्र ऐन उन्हाळ्यातही पृष्ठभाग व तळ यांच्या तापमानांत फारसा फरक नसतो. याचे कारण भरतीचे प्रवाह होत, हे बिगेलो यांनी ओळखले होते. आखातातील प्रमुख कोपेपॉड कॅलॅनस फिनमार्किकस असून त्याच्या सोबत आढळणाऱ्या प्राण्यांना त्यांनी कॅलॅनस समुदाय मानले. उथळ माथ्यावरील प्राणिसृष्टीत मात्र लहान आकाराचे कोपेपॉड व तळाशी जीवनचक्र बांधलेले प्राणी यांना अधिक महत्त्व असते.

पॅसामाक्वॉडी प्रकल्प : फंडीच्या उपसागरातील मायनस खोऱ्यात भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरक सु. १६ मी. पर्यंत जातो. जगात हा सर्वाधिक फरकांपैकी एक आहे. उपसागराच्या तोंडाजवळील पॅसामाक्वॉडी उपसागराला बांध घालून वीज निर्माण करण्याची योजना डेक्स्टर कूपर या अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात मांडली. त्या भागात हेरिंगची पिले पकडून ती सार्डिन म्हणून डबाबंद करण्याचा मोठा व्यवसाय होता. खाडीच्या तोंडाशी होणारी पाण्याची घुसळणच या माशांचे अन्न पिकविते, तेव्हा बांध घातल्यास मासेमारी बुडेल, अशी भीती व्यक्त झाली. प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी उभय देशांनी नेमलेल्या मत्स्य आयोगाने १९३१ ते १९३३ या काळात संशोधन करविले. भरतीजन्य मिश्रण थांबले तर प्लवकांचे काय होईल, हा प्रश्न यानिमित्ताने प्रथमच सरकारी निर्णयाचा विषय झाला.

त्यातून मिळालेले निष्कर्ष अपेक्षेहून वेगळे होते. एच्. एच्. ग्रान व ट्रिग्व्हे ब्रॉरूड या नॉर्वेजियन वनस्पतिवैज्ञानिकांनी १९३५ मध्ये असे दाखविले की, फंडीच्या उपसागरात पोषकद्रव्ये विपुल असूनही वनस्पतिप्लवकांची वाढ तोकडी राहते. कारण तीव्र मिश्रणामुळे ते प्रकाशित थरात पुरेसा वेळ टिकत नाहीत. चार्ल्स फिश व मार्टिन जॉन्सन यांनी १९३७ मध्ये प्राणिप्लवकांचा अहवाल प्रसिद्ध केला. या उपसागरातील कोपेपॉडांचे प्रजनन तेथील साठा राखण्यास पुरे पडत नाही. मेनच्या आखातातून वाहत येणाऱ्या प्राण्यांवर हा साठा अवलंबून असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे मिश्रण हे सर्वत्र वरदानच असते असे नाही, त्याचा अतिरेक जीवसृष्टीला मारकही ठरतो. बांधाचे काम १९३५ मध्ये सुरू झाले व निधीअभावी १९३६ मध्ये थांबले. प्रकल्प बारगळला, पण त्यासाठी केलेले संशोधन टिकून राहिले. मिश्रणाची खोली व प्रकाशाची खोली यांची तुलना करण्याची ग्रान व ब्रॉरूड यांची कल्पना हाराल्ड स्व्हेर्ड्रुप यांनी १९५३ मध्ये गणिती स्वरूपात मांडली.

जॉर्जेस बँकेवरील अभ्यास : वाहत्या पाण्यात तरंगणारा प्राणी एखाद्या जागी टिकून राहतो तरी कसा, हा यापुढचा प्रश्न होता. ॲल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३९ मध्ये लिमासिना रेट्रोव्हर्सा या तरंगत्या गोगलगाईचा मेनच्या आखातातील प्रवास महिनोन्महिने मागोवा घेऊन वर्णिला व १९४१ मध्ये आखातातील चक्राकार प्रवाह आणि कोपेपॉडांचे वितरण यांचा संबंध स्पष्ट केला. जॉर्ज क्लार्क, लो पियर्स व डीन बंपस यांनी १९४३ मध्ये सॅजिटा एलेगन्स या बाणकृमीचे जॉर्जेस बँकेवरील वितरण प्रसिद्ध केले. हा प्राणी मुख्यतः बँकेवरील मिश्रित पाण्याच्या क्षेत्रात एकवटलेला होता व तेथेच त्याचे प्रजननही होत होते. भरतीने घुसळलेले पाणी म्हणजे एका स्वतंत्र समुदायाचे वसतिस्थान होय, याचा हा स्पष्ट पुरावा होता. गॉर्डन रायली यांनी १९४६ मध्ये येथील वनस्पतिप्लवकांचे व १९४७ मध्ये प्राणिप्लवकांचे गणिती विश्लेषण केले. प्रकाश, तापमान, मिश्रण व भक्षण यांवरून प्लवकांच्या संख्येतील ऋतुमानपरत्वे होणारे चढउतार काढण्याचा तो आद्य प्रयत्नांपैकी एक होय.

भरतीच्या शक्तीचे गणित : भौतिकीविज्ञ याच सुमारास वेगळ्याच हेतूने समुद्राकडे पाहत होते. भरतीच्या घर्षणामुळे पृथ्वीचे परिवलन मंदावते. ते घर्षण कोठे होते हे शोधताना ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय्. टेलर यांनी १९१९ मध्ये आयरिश समुद्राचा हिशेब मांडला. तळावरील घर्षणात खर्ची पडणारी शक्ती प्रवाहाच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. वेग दुप्पट झाल्यास ही शक्ती आठपट होते. प्लवकांशी या सूत्राचा संबंध असेल असे त्या वेळी कोणाच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते.

तो संबंध जुळला पन्नास वर्षांनी. वेल्समधील मेनाय ब्रिज येथील जॉन सिम्पसन व जॉन हंटर यांनी १९७४ मध्ये आयरिश समुद्रातील जलाग्रांविषयी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. सूर्याने दिलेली उष्णता तळापर्यंत मिसळण्यास लागणारी ऊर्जा पाण्याच्या खोलीबरोबर वाढते आणि मिश्रणासाठी उपलब्ध होणारी ऊर्जा प्रवाहाच्या वेगाच्या घनाबरोबर वाढते. म्हणून खोली भागिले वेगाचा घन, हे एकच गुणोत्तर स्तरण होणार की मिश्रण हे ठरविते, असे त्यांनी दाखविले. उदाहरणार्थ, १०० मी. खोलीच्या पाण्यात प्रवाहाचा वेग सेकंदास ०·५ मी. असल्यास हे गुणोत्तर ८०० येते, ४० मी. खोलीत वेग सेकंदास १ मी. असल्यास ते केवळ ४० येते. पहिल्या ठिकाणचे गुणोत्तर दुसऱ्याच्या वीसपट आहे. गुणोत्तर मोठे तेथे थर पडतात, लहान तेथे पाणी एकजीव राहते आणि दोहोंमधील एका ठरावीक मूल्याच्या रेषेवर जलाग्र उभे राहते. भरतीच्या एकूण शक्तीपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग या कामी येतो; तरीही सीमा आखण्यास तो पुरेसा असतो.

या सूत्राचा मोठा गुण म्हणजे नकाशावरील खोली व भरतीचे प्रवाह माहीत असले की, जहाज बाहेर न काढताही जलाग्राची जागा सांगता येते. प्लिमथ येथील रॉबिन पिंग्री व डी. के. ग्रिफिथ्स यांनी १९७८ मध्ये ब्रिटिश बेटांभोवतीच्या सर्व समुद्रांसाठी असा नकाशा तयार केला. त्याच वर्षी क्रिस्टोफर गॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेनचे आखात व फंडीचा उपसागर यांना हेच सूत्र लावले. उपग्रहांनी अवरक्त किरणांत टिपलेल्या चित्रांत उष्ण व थंड पाण्याच्या सीमा गणिताने सांगितलेल्या जागीच दिसल्या. उधाणाच्या वेळी प्रवाह भांगाच्या मानाने बरेच जोरदार असतात. त्यानुसार जलाग्र पंधरवड्यागणिक पुष्कळ अंतर पुढेमागे सरकावयास हवे. पण १९७९ मध्ये सिम्पसन व डेव्हिड बॉवर्स यांना हे सरकणे मोजक्या किमी. इतकेच आढळले. भांगात साठलेले स्तरण मोडण्यासाठी उधाणाची बरीच शक्ती खर्ची पडते, हे त्याचे कारण होय. वरवर अस्थिर वाटणाऱ्या समुद्रातील ही सीमा दरवर्षी उन्हाळ्यात जवळजवळ त्याच ठिकाणी परत येते, हा या संशोधनाचा महत्त्वाचा निष्कर्ष ठरला.

जलाग्र व प्राणिप्लवक : पिंग्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये इंग्लिश खाडीच्या पश्चिमेकडील जलाग्रांवर उन्हाळ्यात वनस्पतिप्लवकांचा बहर येतो असे दाखविल्यावर, प्राणिप्लवकही तेथेच सर्वाधिक असणार असा सार्वत्रिक समज झाला. प्रत्यक्षात चित्र तितके सरळ नव्हते. कोपेपॉडांची एक पिढी पूर्ण होण्यास काही आठवडे लागतात, तर वनस्पतिप्लवक एकदोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. त्यामुळे बहर आला तरी त्याचा लाभ घेणारी संख्या तेथे तयार असेलच असे नाही. काही जलाग्रांवर प्राण्यांची गर्दी आढळते ती वाढीमुळे नसून दोन्ही बाजूंचे पाणी तेथे एकत्र येत असल्याने झालेली असते. म्हणून जलाग्र म्हणजे सर्वत्र सुपीक पट्टा, असे सरसकट मानता येत नाही. ते दोन समुदायांना अलग करते, हे मात्र बहुतेक सर्व पाहण्यांतून दिसून आले.

हे अलगपण जीवनक्रमाशी निगडित असते. कॅलॅनस फिनमार्किकस वर्षातील बराच काळ खोल पाण्यात निद्रितावस्थेत घालवितो. मेनच्या आखातातील खोल द्रोणांत त्याला ते शक्य होते, जॉर्जेस बँकेच्या माथ्यावर नाही. म्हणून बँकेवरील त्याचा साठा दर हिवाळ्यात व वसंतात आखातातून नव्याने यावा लागतो. याउलट सेंट्रोपेजेस हॅमॅटस हा लहान कोपेपॉड तळाच्या गाळात टिकून राहणारी अंडी घालतो. उथळ, मिश्रित पाण्यात ही अंडी तळाशी सुरक्षित राहतात व अनुकूल ऋतूत त्यांतून नवी पिढी बाहेर पडते. एकाचा आसरा खोलीत, दुसऱ्याचा तळात. म्हणून एकाच समुद्रात राहूनही त्यांची क्षेत्रे वेगळी पडतात. स्तरित पाण्यातील प्राणी दिवसा खाली व रात्री वर येऊन दोन थरांतील वेगवेगळ्या प्रवाहांचा फायदा घेतात. मिश्रित पाण्यात असे दोन थरच नसल्याने या हालचालीचे प्रयोजन बदलते.

आयरिश समुद्राच्या पश्चिम भागाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे पाणी खोल व भरतीचे प्रवाह मंद आहेत. त्यामुळे तळाशी बारीक चिखल साचतो व त्यात नेफ्रॉप्स नॉर्व्हेजिकस हा बिळे करून राहणारा, व्यापारी महत्त्वाचा शेवंडवर्गीय प्राणी वस्ती करतो. त्याच मंद प्रवाहांमुळे उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात व तळाशी थंड पाण्याचा घुमट राहतो. या घुमटाभोवती एक चक्राकार प्रवाह वाहतो, असे ए. ई. हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले. नेफ्रॉप्सचे तरंगते डिंभ या चक्रात सापडून चिखलाच्या क्षेत्रावरच राहण्यास मदत होते. प्रौढांचे घर व डिंभांचे पाळणाघर अशा रीतीने भरतीच्या एकाच दौर्बल्यातून घडलेले आहे.

संक्षोभ व अन्नग्रहण : मिश्रणाचा परिणाम केवळ मोठ्या क्षेत्रावर होतो असे नाही. पाण्यातील सूक्ष्म भोवरे भक्षक व भक्ष्य यांना परस्परांजवळ आणतात आणि त्यामुळे मंद पोहणाऱ्या प्राण्यालाही अधिक भक्ष्ये भेटतात, असे ब्रायन रॉथशिल्ड व थॉमस ऑझबर्न यांनी १९८८ मध्ये गणिताने दाखविले. परंतु भेटलेले भक्ष्य हस्तगत होण्यास काही क्षण लागतात व तीव्र संक्षोभात ते तेवढ्यात निसटून जाते. म्हणून संक्षोभ वाढत गेला की अन्नप्राप्ती आधी वाढते व एका मर्यादेनंतर घटते, असा निष्कर्ष ब्रायन मॅकेंझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये माशांच्या डिंभांबाबत काढला. फंडीच्या उपसागराविषयी १९३० नंतरच्या दशकात आढळलेली गोष्ट येथे एका डिंभाच्या पातळीवर पुन्हा प्रत्ययास आली.

हेरिंगचा वाद व न्यायालयीन निवाडा : डेरिक आइल्स व मायकेल सिंक्लेअर यांनी १९८२ मध्ये असे प्रतिपादन केले की, अटलांटिक हेरिंगचे वेगवेगळे साठे हे भरतीने मिश्रित झालेल्या ठरावीक क्षेत्रांशी बांधलेले असतात व डिंभांना धरून ठेवण्याच्या त्या क्षेत्रांच्या क्षमतेवर साठ्यांचा आकार अवलंबून असतो. अन्नापेक्षा जागेवर टिकून राहणे महत्त्वाचे, हा त्यामागील विचार. त्यावर बराच वाद झाला. डिंभ जलाग्र ओलांडून जातात असे काही पाहण्यांत आढळले. तथापि प्राणिप्लवकांच्या बाबतीत ‘किती पिकते’ याबरोबरच ‘किती वाहून जाते’ हाही प्रश्न विचारला पाहिजे, हे या वादामुळे सर्वमान्य झाले.

याच काळात हा विषय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. मेनच्या आखातातील सागरी सीमेसंबंधीच्या अमेरिका-कॅनडा तंट्यात अमेरिकेने असा युक्तिवाद केला की, मेनच्या आखाताचे खोल द्रोण, जॉर्जेस बँक व नोव्हा स्कोशियालगतची समुद्रबूड जमीन येथील जीवसृष्टी परस्परांपासून वेगळ्या असून ईशान्य खाडी ही त्यांच्यातील नैसर्गिक सीमा आहे. पाण्याचे अभिसरण, स्तरण व प्लवक यांविषयीची माहिती त्यासाठी पुढे करण्यात आली. कॅनडाने हा युक्तिवाद अमान्य केला. न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या पीठाने १२ ऑक्टोबर १९८४ रोजी दिलेल्या निवाड्यात, समुद्रासारख्या सतत बदलत्या माध्यमात निश्चित व स्थिर अशा नैसर्गिक सीमा मानता येत नाहीत, अशी भूमिका घेतली आणि किनाऱ्यांच्या भूमितीवर आधारलेली रेषा आखली. जॉर्जेस बँकेचा पूर्वेकडील भाग कॅनडाकडे व उर्वरित बहुतांश भाग अमेरिकेकडे गेला. प्लवकांच्या सीमा खऱ्या असल्या, तरी त्या नकाशावरील रेषेसारख्या नसतात. त्या ऋतूनुसार उमटतात व पुसल्या जातात, आणि काही प्राणी त्या ओलांडतातही. राष्ट्रांच्या वाटणीचा आधार म्हणून त्या स्वीकारल्या गेल्या नाहीत, यात विज्ञानाचा पराभव मानण्याचे कारण नाही.

अलीकडील संशोधन : जॉर्जेस बँकेवर १९९५ ते १९९९ या काळात आंतरराष्ट्रीय ग्लोबेक कार्यक्रमांतर्गत विस्तृत पाहण्या झाल्या. कॉड व हॅडॉक या माशांचे डिंभ आणि त्यांचे खाद्य असलेले कॅलॅनस व स्यूडोकॅलॅनस हे कोपेपॉड यांवर भर देण्यात आला. सु. ६० मी. खोलीच्या रेषेजवळचे जलाग्र व बँकेभोवतीचा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाहणारा, उन्हाळ्यात बळावणारा प्रवाह यांचा प्लवकांवरील परिणाम तपशीलवार अभ्यासण्यात आला. एक अनपेक्षित गोष्टही आढळली. तळाला चिकटून राहणाऱ्या क्लायशिया ग्रॅसिलिस या हायड्रॉइडाच्या असंख्य वसाहती बँकेच्या माथ्यावरील मिश्रित पाण्यात तरंगत होत्या व कोपेपॉडांच्या डिंभांवर ताव मारीत होत्या. तळापासून तुटलेल्या या वसाहतींना भरतीची घुसळण तरंगत ठेवीत होती. मिश्रण पोषकद्रव्ये वर आणते, तसेच भक्षकही वर आणते, असे यावरून दिसून आले.

फंडीच्या उपसागरातील वीजनिर्मितीचा प्रश्नही पुन्हा पुढे आला. या उपसागराची व मेनच्या आखाताची मिळून नैसर्गिक आंदोलने भरतीच्या आवर्तनाशी जवळजवळ जुळणारी आहेत, असे गॅरेट यांनी १९७२ मध्ये दाखविले होते. डेव्हिड ग्रीनबर्ग यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती प्रतिकृतीनुसार येथे मोठा बांध घातल्यास त्याचा परिणाम दूरच्या बॉस्टनपर्यंतच्या भरतीवर झाला असता. अखेर ॲनापोलिस रॉयल येथे २० मेगॅवॉट क्षमतेचे लहान केंद्र १९८४ मध्ये सुरू झाले. ते २०१९ मध्ये बंद पडले.

मेनच्या आखाताचे पाणी २००४ ते २०१३ या काळात जगातील बहुतेक सर्व सागरी क्षेत्रांपेक्षा अधिक वेगाने तापले. भरतीची शक्ती चंद्र-सूर्यांकडून येत असल्याने ती तशीच राहिली. त्यामुळे मिश्रित माथ्यांच्या जागाही फारशा हलत नाहीत. बदलते ते त्यांच्या पलीकडचे स्तरित व खोल पाणी. तेथील कॅलॅनस घटले, तसे त्यावर पोसणारे उत्तर अटलांटिकचे राइट देवमासे २०१० नंतर फंडीच्या उपसागराऐवजी सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळू लागले. तेथे त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था नव्हती. २०१७ मध्ये कॅनडाच्या पाण्यात या दुर्मिळ जातीचे १२ देवमासे मृत्युमुखी पडले. जहाजांच्या धडका व मासेमारीच्या दोरांत अडकणे ही तपासात आढळलेली प्रमुख कारणे होत. तांदळाच्या दाण्याएवढ्या कोपेपॉडाचे वसतिस्थान बदलल्याचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे यावरून ध्यानात येते.

भारतीय किनारा : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडे जावे तसा भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील फरक वाढतो. उधाणाच्या वेळी गोव्यात तो सु. २ मी., मुंबईस ४ ते ५ मी., तर खंबायतच्या आखातात १० मी. पेक्षा अधिक असतो. खंबायतचे पाणी जोरदार प्रवाहांमुळे कायम गढूळ राहते व फंडीच्या उपसागराप्रमाणे तेथेही प्रकाशाची मर्यादा जाणवते. मात्र उत्तर अटलांटिकमधील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. येथे स्तरण केवळ सूर्याच्या उष्णतेने होत नाही. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी व समुद्रबूड जमिनीवर चढून येणारे थंड, कमी ऑक्सिजनयुक्त पाणी यांचाही त्यात मोठा वाटा असतो. गोव्यातील मांडवी व जुवारी यांच्या खाड्यांत भरती-ओहोटी, गोड्या पाण्याचा लोंढा व प्राणिप्लवक यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास पणजीजवळील दोना पावल येथील राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेच्या १९६६ मधील स्थापनेनंतर होत आला आहे.

कोकण व मुंबईच्या कोळ्यांना या विषयाची व्यावहारिक बाजू पूर्वापार परिचित आहे. डोल हे पिशवीसारखे जाळे भरतीच्या प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवतात. प्रवाहच त्यात बोंबील व जवळा आणून सोडतो. म्हणून उधाणाचे दिवस या मासेमारीस सोयीचे व भांगाचे दिवस मंदीचे मानतात. जवळा म्हणजे ॲसेटिस इंडिकस ही लहान कोळंबी प्राणिप्लवकांवर वाढते व स्वतःही पुष्कळशी प्रवाहाबरोबर वाहते. बोंबील तिच्यावर पोसतो. बंदरे, भराव व बांध यांमुळे खाड्यांतील भरतीचा वेग बदलला, तर त्याचा परिणाम वेगाच्या घनाच्या प्रमाणात होतो, ही गोष्ट या किनाऱ्याच्या नियोजनातही लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रवाह थोडाच मंदावला असे वाटत असताना मिश्रणाची शक्ती मात्र निम्म्यावर आलेली असू शकते.